हौशांच्या बाजूनं

अंबाजोगाईच्या मंडी बाजारात एका दुकानी भगव्या कापडाचं ठाण बारा महिने असतं. आषाढी जवळ आली की दिंड्यांच्या पताकांसाठी ते भराभर फाडलं जातं. गेल्या उन्हाळ्यात मी तिथं तीन मीटर कापड मागितलं, तेव्हा दुकानदारानं कात्री हातात घेत विचारलं, “बाई, यंदा कोणत्या दिंडीत?” मी म्हणाले, “दिंडीला नाही. भाचीला जाकीट शिवायचंय.”

भाची पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला नारुतो व्हायचं होतं. मासाशी किशिमोतो या जपानी चित्रकारानं १९९९ पासून पंधरा वर्षं रंगवलेल्या चित्रकथेतला हा पोरका मुलगा. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांचा कोल्हा कोंडलेला आहे, म्हणून गाव त्याला जवळ करत नाही. आणि ज्या गावानं झिडकारलं त्याच गावाचा राखणदार व्हायची जिद्द तो धरतो. भाचीनं ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली, जाकिटाचे फोटो पाठवले आणि म्हणाली, “आत्या, विकतचं नको. तू शिव.” आपापल्या आवडत्या पात्रांचे वेश घेऊन येणाऱ्या मुलांचा मेळा मुंबईला भरतो, तिथं ती मैत्रिणींबरोबर जाणार होती.

पताकेचा भगवा नारुतोच्या नारिंगीपेक्षा गडद. सोड्याच्या कोमट पाण्यातून दोनदा काढला तेव्हा कुठं रंग उतरला. कपाळपट्टीचा पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा. डबे-बादल्या सांधणाऱ्याकडून तो कापून आणला, कडा बोटाला लागू नयेत म्हणून घासून घेतल्या, आणि त्यावरची पानाची खूण खिळा आणि हातोडी घेऊन मीच ठिपक्या-ठिपक्यानं उठवली. तीन दुपारी गेल्या. त्या तीन दुपारी मी जेवढी शांत होते तेवढी पूजेला बसल्यावरही क्वचितच असते, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हा सगळा लेख त्या शांततेबद्दल आहे.

भावाला हे कळलं तेव्हा तो चिडला. “तूच नादी लावलंस तिला. पोरीला शिकायला ठेवलं पुण्यात, अन् ती सोंगं करायली.” त्याच आठवड्यात आमच्या मूळ गावी हरिनाम सप्ताह होता. शेवटच्या रात्री भारूड ठरलेलं. कीर्तनात महाराज म्हणाले, देवाच्या दारी तीन तऱ्हेची माणसं येतात: हौशे, नवशे आणि गवशे. नवशाला निदान देव हवा असतो. गवशाला दुसऱ्याचा खिसा हवा असतो. हौशाला काहीच नको असतं, तो नुसती धूळ उडवतो. सोंगं ही हौशांची कामं, ती देवापुढं शोभत नाहीत. पंचमंडळींनी ते मनावर घेतलं आणि त्या रात्रीचं भारूड रद्द झालं. मी वासुदेवाचा नवा अंगरखा शिवून नेला होता, घोळ चांगला सोळा कळ्यांचा. तो घडीतच परत आला.

मी भावाशी भांडले नाही, महाराजांनाही काही बोलले नाही. पण तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई आहे मी. शब्द वापरला गेला की तो उलटून बघायची खोड जात नाही. नाद, सोंग, हौस. हे तीन शब्द त्या आठवड्यात माझ्यावर आरोपासारखे आले. रात्री झोप लागेना तेव्हा मी त्यांच्याकडंच बघत राहिले.

आपल्या भाषेत छंद, नाद आणि वेड हे शब्द पतंग उडवणाऱ्यालाही लावतात आणि विठ्ठलाच्या मागं लागलेल्यालाही. पोराला पत्त्यांचा नाद लागतो, वारकऱ्याला पंढरीचा. कुणाला नाटकाचं वेड, कुणाला नामाचं. भाषा बनवणाऱ्या लोकांना या दोन गोष्टींत फरक कळत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना कळत होता, तरी त्यांनी शब्द एकच ठेवला. मन कुठंतरी पूर्ण जाऊन बसतं, स्वतःला विसरतं, ही घटना दोन्हीकडं एकच आहे हे त्यांनी ओळखलं होतं. कुठं जाऊन बसतं हा पुढचा प्रश्न. पण ज्याचं मन कुठंच बसत नाही, त्याचं देवापाशी तरी कसं बसणार?

आता सोंग. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गावच्या भारुडात सोंग घ्यायचे. तीन एकर कोरडवाहू, दोन बैल, वर्षभर मान वर न करता राबणारा माणूस. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री मात्र ते बाई व्हायचे. दादल्याला कंटाळलेली, रस्त्यात उभी राहून गाऱ्हाणं सांगणारी बाई. शाळेच्या ओट्यामागं कंदील ठेवून तयारी चालायची. तोंडाला पिवळट मुर्दाडशिंग, डोळ्यांत काजळ, कपाळाला आडवं कुंकू. माझ्या आजीचं जुनं हिरवं लुगडं ट्रंकेतून काढलेलं असायचं. ते नेसण्याआधी नाना दोन्ही हातांवर आडवं धरायचे आणि डोळ्यांना लावायचे. मग नेसायचे. त्या क्षणानंतर त्यांचा खांदा, मान, पाऊल, सगळं बदलायचं. मी सात-आठ वर्षांची असेन, मला भीती वाटायची.

भारूड संपलं की ते पुन्हा ओट्यामागं येत. खोबरेल तेलात बुडवलेल्या चिंधीनं तोंड पुसत. लुगडं सोडून त्याची चौपदरी घडी घालत, पुन्हा डोळ्यांना लावत आणि हळूच म्हणत, “जा माय, सुखानं जा.” एकदा मी विचारलं, “नाना, मघाची बाई कुठं गेली?” ते म्हणाले, “पाहुणी होती ती. आली, बोलली, गेली. पाहुणीला पाट द्यावा पोरी, घर लिहून देऊ नये.”

तत्त्वज्ञानाची पुस्तकं मी पुढं पुष्कळ वाचली. योगेश्वरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून टिपणं काढली. पण वेश आणि आत्मा यांच्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला दुसरीकडं सापडलं नाही.

लोक सोंग आणि ढोंग हे शब्द जोडीनं उच्चारतात, जणू ते सख्खे भाऊ. ते भाऊ नाहीत. सोंगात घेणाऱ्याला ठाऊक असतं, बघणाऱ्यालाही ठाऊक असतं. फसवलं कुणीच जात नाही. ढोंगात एकाला ठाऊक असतं आणि दुसऱ्याला कळू नये अशी तजवीज केलेली असते. आमच्या केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात, ऐंशीहून अधिक वर्षांची रीत आहे. गळ्यात चपलांची माळ असते. एरवी एवढ्या गोष्टीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर पडेल. तिथं पडत नाही, कारण सगळं गाव त्या खेळात आहे, आणि शेवटी नवे कपडे देऊन जावयाचा मान करतात. सोंग सगळ्यांच्या देखत चढतं आणि सगळ्यांच्या देखत उतरतं.

नवरात्रात आमच्या योगेश्वरीच्या गावी येऊन बघा. एरवी दारात आलेल्याला पसाभर धान्य घालणारी घरची मोठी सून त्या दिवसांत मळवट भरून, गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते. तिच्या घरी कणगी भरलेली आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ती मागते आणि शेजारीण वाढते. वर्षातून एकदा मागणाऱ्याच्या अंगात शिरल्याशिवाय देणाऱ्याचा हात नरम राहत नाही, हे ज्या कुणा बाईला पहिल्यांदा सुचलं ती मोठी ज्ञानी असली पाहिजे. याला कुणी सोंग म्हणून हिणवत नाही. मग सोंगात दोष आहे असं कसं म्हणायचं?

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर शिवेवरून गोदावरी वाहते आणि पलीकडच्या काठावर पैठण आहे. तिथल्या एकनाथांनी, १५३३ ते १५९९ हा त्यांचा काळ मानतात, भागवताच्या अकराव्या स्कंधावर मोठी टीका लिहिली. त्याच हातानं त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, पोतराज यांच्यावर भारुडं लिहिली. गावाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे आवाज एका ब्राह्मण पंडितानं स्वतःच्या तोंडात घेतले. वेदान्त सांगायला त्यांना सोंग कमी प्रतीचं वाटलं नाही. आणि त्यांच्या घरी तर, कथा सांगते, देवच श्रीखंड्या नावाच्या गड्याचा वेश घेऊन बारा वर्षं पाणी भरत राहिला. नाथषष्ठीला पैठणला तो रांजण आजही भरतात. मंगळवेढ्याच्या दामाजीनं दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बिदरच्या दरबारात पैसे भरायला गेला. आम्ही दुष्काळी मुलखातली माणसं, ही कथा आम्हाला पाठ आहे. ज्या देवाला भक्तासाठी सोंग घ्यायला लाज वाटली नाही, त्याच्या दारात सोंग शोभत नाही असं म्हणणं मला पटत नाही.

मग भाचीच्या नारुतोचं काय? तो काही विठ्ठल नव्हे. एका जपानी माणसानं कागदावर काढलेलं चित्र. खरा प्रश्न इथं आहे, आणि तो मी टाळणार नाही.

भागवताच्या दहाव्या स्कंधात रासपंचाध्यायी आहे, एकोणतिसाव्यापासून तेहतिसाव्यापर्यंत पाच अध्याय. त्यातल्या तिसाव्या अध्यायाबद्दल कथाकार फारसं थांबत नाहीत. कृष्ण गोपींच्या मधून एकाएकी नाहीसा होतो. त्या झाडाझाडाला विचारत वनात भटकतात. आणि मग त्या काय करतात? त्या कृष्णाचा खेळ मांडतात. एक पूतना होते, दुसरी बाळकृष्ण होऊन तिला पिते. एक गाडा होते, दुसरी रडत रडत तिला लाथ मारते. एक कालिया होते, दुसरी तिच्यावर पाय देते. एक आपलं वस्त्र हातानं उंच धरते आणि बाकीच्यांना सांगते, वाऱ्यापावसाला भिऊ नका, मी तुम्हाला सांभाळते. ते वस्त्र म्हणजे गोवर्धन.

मी हा अध्याय पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले. ओढणीचा डोंगर! माझ्या शाळेतल्या मुली मधल्या सुट्टीत हेच करत होत्या. ज्याच्यावर जीव जडला तो जवळ नसला की माणूस त्याची वाट बघतो, त्याचं नाव घेतो, आणि त्यानंही भागेना तर तोच होऊन बघतो. त्याचं वस्त्र, त्याची चाल, त्याचा शब्द अंगावर घेऊन बघतो. व्यासांनी याला पोरखेळ म्हटलं नाही. गोपी तन्मय झाल्या असं म्हटलं. नंतरच कृष्ण परतला.

भाचीला मी हे सांगितलं, तर तिनं मला दुसरी गोष्ट सांगितली. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या वाचकांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथं फॉरेस्ट अॅकरमन नावाचा तरुण आणि त्याची मैत्रीण मर्टल डग्लस भविष्यकाळातल्या माणसांचे वेश घालून आले. दोघांचेही कपडे मर्टलनं शिवले होते. पुढं १९८० च्या दशकात जपानी लोकांनी वेश आणि खेळ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून कॉस्प्ले हे नाव रूढ केलं. मला त्या सगळ्यात मर्टलबाई आवडल्या. रात्री दिव्याखाली बसून, अजून न आलेल्या काळाच्या माणसाचं माप घेणारी बाई. तिच्या सुईचा आणि माझ्या सुईचा दोरा एकच असावा असं वाटलं.

नारुतो देव नाही, हे भाचीला चांगलं ठाऊक आहे. पण तिला त्याच्यात काय दिसतं? ज्याला सगळ्यांनी टाकलं त्यानं सूड न घेता गाव राखलं, हे दिसतं. माणूस ज्याच्या भजनी लागतो त्याचा कण त्याच्यात उतरतो. म्हणून बघायचं ते एवढंच, की जाकीट घालणाऱ्यात काय उतरतंय. पुण्याला तिच्या वसतिगृहात लातूरकडची एक मुलगी बोलीमुळं एकटी पडली होती. भाचीनं तिला आपल्या खोलीत घेतलं, हे मला तिच्या आईकडून कळलं. ते नारुतोमुळं झालं असा माझा दावा नाही. पण पोरक्याची गोष्ट जिला वेडावून गेली, तिला पोरकं माणूस लवकर दिसतं, एवढं मी नक्की म्हणेन.

एक आक्षेप वेदान्ताचा उरतो, आणि तो भारी आहे. संसार हेच मुळी सोंग. त्यात आणखी एक सोंग कशाला? अंबाजोगाईच्या दरीकाठी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा विवेकसिंधु परंपरेनं शके १११०, म्हणजे ११८८ सालचा मानतात. मराठीत अद्वैत पहिल्यांदा आमच्या या मातीत बोललं गेलं असं आम्ही अभिमानानं सांगतो. तिथल्या पायऱ्यांवर बसून मी या आक्षेपाचा विचार पुष्कळदा केला आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत नटाचा दाखला येतो. नट वेशात असो वा नसो, तो माणूस असतोच. तसा ज्ञानी कुठल्याही अवस्थेत ब्रह्मच असतो. म्हणजे ज्ञान्याचं वर्णन करायला आचार्यांना नटच सापडला. आणि ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात एक पाऊल पुढं टाकलं. जग हे अज्ञानातून झालेलं नाही, चैतन्याचाच तो विलास आहे, असं त्यांनी अज्ञानाचं खंडन करून सांगितलं. ज्याला विलास म्हटलं त्यात खेळायला लाज कसली?

पण माझं उत्तर पुस्तकातलं नाही. मी निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी कडक इस्त्रीची साडी नेसून तयार होते. असं चार महिने चाललं. बाई हे सोंग माझ्या अंगावरून निघत नव्हतं. तीस वर्षांत मी त्या पाहुणीला घर लिहून दिलं होतं. तेव्हा नाना आठवले. शाळेची घंटा वाजवायची लाकडी मुठीची पट्टी मी घरी आणली होती. ती दोन्ही हातांवर घेतली, डोळ्यांना लावली आणि कपाटात ठेवली. “जा माय, सुखानं जा.” खूप रडले. त्यानंतर साडेनऊला तयार झाले नाही. लहान सोंग घालता-उतरवता आलेल्या माणसालाच मोठं सोंग उतरवायची रीत कळते. बाई, आई, मालक, पुढारी, हीसुद्धा लुगडीच आहेत. ज्यानं कधीच दुसरं लुगडं नेसलं नाही त्याला अंगावरचं कातडंच वाटतं.

म्हणून जिथं पाहुणी घर बळकावते तिथं मी घाबरते. आमच्या जिल्ह्यात चौकाचौकांत फलक लागतात. आवडता नेता, आवडता नट, आवडता महाराज. आवड असू द्या, ती वाईट नाही. पण एका नेत्याचा चाहता दुसऱ्याच्या चाहत्याशी बोलणं टाकतो, एका गावात दोन वाटा होतात, लग्नाच्या पत्रिका थांबतात, तेव्हा ती हौस उरलेली नसते. तिथं कुणी रात्री तेलाच्या चिंधीनं तोंड पुसत नाही. त्याच रंगात झोपतात, त्याच रंगात उठतात. हौस आणि उन्माद ओळखायची माझी एकच कसोटी आहे: संध्याकाळी उतरवता येतं का? उतरवून शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा पिता येतो का? येत असेल तर खुशाल रंगा.

आता महाराजांच्या त्या तीन प्रकारांकडं परत येते. नवशा देवाशी बोली करून येतो. पोरगा होऊ दे, नोकरी लागू दे, मग नारळ फोडीन. त्याच्या दुःखाचा मला अपमान करायचा नाही. मीही नवस बोलले आहे. पण तो व्यवहार आहे. गवशा तर उघड व्यवहार. तिघांत एकटा हौशा असा, जो काही मागत नाही. परळीला वैजनाथाच्या यात्रेत तो पाळण्यात बसतो, पिपाणी वाजवतो, कळसाकडं बघून हात जोडतो आणि आनंदानं घरी जातो. गीता ज्याला फळाची आशा सोडून केलेलं कर्म म्हणते, ते आम्हा संसारी माणसांच्या वाट्याला कुठं येतं? नोकरी पगारासाठी, शेती धान्यासाठी, पूजासुद्धा पुष्कळदा कशासाठी तरी. फळाकडं न बघता, तरीही जीव ओतून केलेलं आपलं एकच काम असतं, आणि ते म्हणजे हौसेचं. हौसेला मोल नसतं असं आपण सहज म्हणतो. मोल नसतं म्हणजे ते विकलं जात नाही. माझ्या मते ते वाक्य जवळजवळ निष्काम कर्माची व्याख्या आहे.

अंबाजोगाईत दासोपंतांची समाधी आहे. १५५१ चा त्यांचा जन्म. सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव त्यांच्या नावावर आहे, आणि रोज ढब्बू पैशाची शाई त्यांना लिहायला लागायची अशी आठवण लोक सांगतात. पण मला त्यांची पासोडी सर्वांत जवळची. पंचीकरण हा पंचमहाभूतांचा रुक्ष विषय त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा खादीच्या कापडावर लिहिला. रकाने आखून, आकृत्या मांडून. कागद होता, मग पासोडी का? पांघरायचं वस्त्र ते. विद्वान काहीही कारण देवोत. मी शिवणारी बाई आहे. कापड समोर पसरलं की हाताला जे होतं ते मला ठाऊक आहे. त्यांना हौस वाटली असणार. ब्रह्मज्ञान पांघरता यावं अशी हौस. तिला कुणी धूळ उडवणं म्हणत नाही, लोक ती चारशे वर्षं जपून ठेवतात.

शेवटी जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती सांगते. माझ्या शाळेत स्नेहसंमेलन जानेवारीत व्हायचं. जानेवारीत माझा अर्धा वर्ग नसायचा. दिवाळीच्या मागंपुढं आईबापांचा कोयता उचलला जायचा आणि मुलं टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, पश्चिमेकडं, कर्नाटकाकडं. परत यायची ती पाडव्याच्या सुमाराला. म्हणजे सातवी पूर्ण होईपर्यंत या मुलांच्या अंगावर कधी एक सोंग चढलं नव्हतं. शिवाजी महाराज, सावित्रीबाई, झाशीची राणी, सगळं उरलेल्या मुलांनी केलेलं. मला ही गोष्ट अन्यायाची वाटली. भुकेइतकीच अन्यायाची म्हणाले तर लोकांना अतिशयोक्ती वाटेल, पण माझं मत तसंच आहे. जे मूल सदा एकच असतं, कोयत्याचं पोर, त्याला आपण दुसरं काही असू शकतो हे कळायचं कसं?

मग मी घटस्थापनेच्या आधी एक वेशाचा दिवस सुरू केला. प्रत्येकानं काय व्हायचं ते स्वतः सांगायचं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, मला कंडक्टर व्हायचंय.” माझ्या नवऱ्याचा जुना खाकी सदरा उसवून मी तिच्या मापाचा केला, खिशाला दोन बटणं, खांद्याला कातडी पिशवी. दिवसभर तिनं सगळ्या शाळेला तिकिटं फाडून दिली. वहीच्या कागदाची, प्रत्येकावर गावाचं नाव. मला तिनं पंढरपूर दिलं. संध्याकाळी मी सगळ्यांना नानांसारखं घडी घालून डोळ्यांना लावायला शिकवलं. तिनं लावलं. मग तिची आई आली आणि खाली बघत म्हणाली, “बाई, ह्ये सदरं फडावर न्यायला देताव का? पोरगी तिथं करमून राहील.” मी दिलं. पाडव्याला ती मायलेकरं परतली तेव्हा आई सांगत होती की पोरगी कोपीपुढं उसाच्या वाढ्यांची बस करायची, टोळीतली सगळी लहान पोरं मागं बसवायची आणि रोज एकेका गावाला नेऊन आणायची. सदरा पार विरला होता. मी तो परत घेतला आणि अजून ठेवला आहे. शाळेतलं माझं काम कुठं नीट झालं असं कुणी विचारलं, तर मी तो दाखवीन.

भावाचा राग आता निवळला आहे. दिवाळीला भाचीनं जाकीट घालून अंगणात त्याला नारुतोची सगळी गोष्ट सांगितली. तो मध्येच म्हणाला, “गावानं टाकलेल्यानंच गाव राखलं म्हण की.” आणि गप्प झाला. गावच्या पंचांशीही मी बोलले आहे. येत्या सप्ताहात शेवटच्या रात्री भारूड ठेवायचं म्हणतात. वासुदेवाचा अंगरखा मी उन्हात घालून आणला.

निवृत्त झाले तरी शाळेचा वेशाचा दिवस मी सोडलेला नाही. यंदाची यादी आली आहे. एक पोलीस, दोन डॉक्टर, एक जिजाऊ, एक आराधी, एक स्पायडरमॅन. तिसरीतल्या एका मुलानं सांगितलंय, त्याला पाऊस व्हायचंय. आमचं गाव बालाघाटाच्या आडोशाला, मृग कोरडा गेला की माणसं आभाळाकडं बघून मान दुखवून घेतात. त्या पोरानं ते पाहिलं असणार. पांढऱ्या मलमलचा अंगरखा करावा, त्याला वरपासून खालपर्यंत चंदेरी कलाबतूच्या सरी सोडाव्यात, आणि तो पळाला की त्या हलल्या पाहिजेत, एवढं सुचलंय. आवाजाचं अजून सुचलेलं नाही. घुंगरू फार मोठे होतील. बहुतेक बाह्यांत मूठभर बाजरी शिवून बघेन.